तुटक्या रेघेचे तात्या

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेऊन उभा राहिलेला माणूस आधी म्हशीचं दूध सांगतो, मग तिच्या आईचं दूध सांगतो, आणि गिऱ्हाईक तरीही हललं नाही तर आजीपर्यंत पोचतो. सोपानतात्या आधी खोड सांगायचे. गिऱ्हाईक जवळ येऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला गेलं, की तात्या घसा साफ करून म्हणत, "पावनं, हिची येक खोड हाय, ती ऐका. मग हात लावा."

श्रीगोंद्याच्या एका बागाईतदाराला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, की ही म्हैस आमच्या मंडळीनं शिव्या दिल्याशिवाय पान्हवत नाही, तुमच्या घरी शिव्या देणारं कोणी आहे का बघा. बागाईतदार हसला, मग विचारात पडला, आणि शेवटी बायकोला फोन लावून त्यानं म्हैस घेतली. सौदा मात्र जुन्या रिवाजानं झाला. दोघांचे हात रुमालाखाली गेले, बोटांनी बोटं चाचपली आणि काय ठरलं ते त्या दोघांनाच कळलं. मी विचारलं, तर तात्या म्हणाले, "मोल रुमालाखाली, खोड चारचौघांत." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतकं ऐकलं, की माझ्या मुलीनं ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

माझं फाट्यावर फ्लेक्सचं दुकान आहे. नगरला कमर्शियल आर्ट शिकून मी इथे सून म्हणून आले आणि वाढदिवसांचे बोर्ड छापू लागले. शिकलेलं सगळं गॉगलवाल्या पुढाऱ्यांच्या पाठीमागे सूर्यकिरणं लावण्यात वाया चाललंय, अशी माझी खात्री झाली होती. अशात एका दुपारी तात्या दुकानात आले. पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल, अंगाला पेंडीचा वास. कोणाचा वाढदिवस, असं मी न बघताच विचारलं. ते म्हणाले, वाढदिवस नाही, नाव पाहिजे.

झालं असं होतं, की लोक मोबाईलवर म्हशींचे व्हिडिओ टाकत आणि खाली बिनदिक्कत लिहीत, सोपानतात्याची म्हैस. तात्यांनी ती म्हैस बघितलेलीही नसायची. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारी माणसं हंगामावरून परतताना तात्यांच्या भरवशावर जनावर घ्यायची, ती फसू लागली होती. जनावराच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, पण त्याच्यावर आकडा असतो, आणि आकड्याला जाब विचारता येत नाही. तात्यांना म्हशीच्या पुठ्ठ्यावर, मागच्या मांडीवर उमटेल आणि दुसऱ्या कोणाला सहज काढता येणार नाही असं आपलं नाव हवं होतं. "खोड सांगून इकलेलं जनावर हाय, येवढं त्या नावानं बोललं पायजे," ते म्हणाले.

मी हौसेनं कॉम्प्युटरवर सोनेरी अक्षरं काढली, त्यांना सावली दिली, मागे एक ऐटबाज म्हैस उभी केली. तात्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पोरी, हे नाव मत मागतंय." तेव्हा मला राग आला होता. दोन दिवसांनी राग गेला आणि मी शुक्रवारी वही घेऊन बाजारात जाऊन बसले. तात्या खोड सांगताना कसे थांबतात, हात कसा सरळ आडवा धरतात, ते बघितलं. त्यांच्या बोलण्यात वेलांटीला जागाच नव्हती. मग 'सोपान' ही अक्षरं मी जाड, बसकी आणि ठाम केली, चारी पाय रोवून उभ्या असलेल्या जनावरासारखी. काळ्या कातडीवर उठून दिसावा म्हणून रंग हळदी पिवळा घेतला.

छाप पत्र्यातून कापायची होती. कारागीर म्हणाला, वरची रेघ सलग कापली तर पत्रा लुळा पडेल, धरायला मधे कुठेतरी जागा ठेवा. म्हणून 'पा' आणि 'न' यांच्यामध्ये मी शिरोरेषा बोटभर तोडली. छाप बघून तात्यांचा चेहरा उतरला. पारूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तर स्पष्टच सांगितलं, की जित्या माणसाच्या नावावरची रेघ तुटलेली बरी नाही. तात्या छाप घेऊन गेले. मला वाटलं, गेलं काम.

पुढच्या बाजारी ते परत आले. सकाळी तीन म्हशींवर ती छाप मारून झाली होती. "राहू दे ती रेघ," ते म्हणाले. "खोड हाय तर हाय. दुसऱ्याच्या म्हशीची सांगतो, आपल्या नावाची का झाकू?"

त्या दिवसापासून मला त्यांच्या कामाचा नादच लागला. रेघ आणि तिच्यातली ती मोकळी जागा, एवढ्यावर मी सगळं उभं केलं. त्यांच्या टेम्पोच्या दोन्ही बाजूंनी लांब पिवळा पट्टा ओढला आणि मागच्या चाकाजवळ तो बोटभर तोडला. रुमालाचे काठ तसेच विणून आणले. म्हशींच्या गळ्यातले दोर पिवळे रंगवले, त्यांत मधे एक पेर कोरं सोडलं. गोठ्याच्या फाटकाला आडवी पट्टी, तीही तुटकी. नाव लिहायची गरजच उरली नाही. टेम्पो वळणावर दिसला की माणसं ओळखत, आणि ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवून रेघ तुटली आहे ना, ते बघून घेत. बाजारात त्यांचं नाव तुटक्या रेघेचे तात्या असं पडलं. त्यांना ते फार आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही. पारूकाकूंनी मात्र एकदा हळूच सांगितलं, की झोपतानासुद्धा रुमाल उशाशी घडी करून ठेवतात, काठ वर दिसेल असा.

मग त्यांचे गुडघे गेले आणि पाठोपाठ दम लागू लागला. बाजार त्यांचा मुलगा दत्ता बघू लागला. दत्ता वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. हुशार होता, घाईचा होता. जनावराच्या चालीवरून तो त्याचा आजार ओळखायचा, त्यात तो बापाच्याही पुढे होता. तात्या अंगणात खाटेवर बसून, शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो रिकामा परत आला की समाधानानं मान डोलवत.

एकदा मी नवे रुमाल द्यायला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा पाथर्डीकडची एक बाई म्हैस घेऊन दारात आली. सोबत तिचा दीर होता. पुठ्ठ्यावर पिवळं नाव चमकत होतं. बाई भांडली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की म्हशीचा एक सड बंद आहे, ते घरी नेल्यावर कळलं, आणि ही रेघ बघून घेतली म्हणून आम्ही पिळून बघितलं नव्हतं. तात्या खाटेवरून उठले, खाली बसताना त्यांचा जीव कासावीस झाला, तरी त्यांनी चारही सड स्वतः पिळून बघितले. मग दत्ताला विचारलं, खोड सांगितली होती का. दत्ता म्हणाला, "तात्या, आता बाजारात कोन सांगतं? नाव बघूनच घेत्यात लोकं."

तात्या त्याच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी गोठ्यातली घरची म्हैस सोडली, श्रीगोंद्याला गेलेल्या त्या शिव्यांच्या म्हशीच्याच जातकुळीतली, आणि तिचा दोर त्या बाईच्या हातात दिला. देताना तिचीही खोड सांगितली, की ही पावसात लांब चरायला जात नाही. बाई गेल्यावर त्यांनी बादली आणि काथ्या मागितला. रंग पक्का होता. दत्ता मदतीला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. परत आलेल्या म्हशीच्या अंगावरून स्वतःचं नाव घासून काढताना तात्यांना बघणं, त्याहून वाईट काही मी बघितलेलं नाही. मी रुमालांचा गठ्ठा पोटाशी धरून नुसती उभी होते.

"तुज्या कॉम्प्युटरातून काढून टाक ते नाव," ते मला म्हणाले. मी म्हटलं, तात्या, एवढं मला सांगू नका, ते मी करणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग ठेव. पन म्या सांगितल्याबगर कुनाला द्यायचं न्हाई. दत्तालाबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी टेम्पोचे पट्टे काळ्या रंगानं बुजवले गेले. फाटकाची पट्टी उतरली. दोर बदलले. मी इतक्या हौसेनं एकेक करून मांडलेलं त्यांनी आठवड्याभरात निमूट आवरून ठेवलं, घरात सुतक असल्यासारखं. बापलेक एका घरात राहून एकमेकांशी जेवणापुरतं बोलू लागले. मी मधे पडून पाहिलं. दत्ता मान खाली घालून म्हणे, चूक झाली हे मला कळतंय, पण तात्यांपुढे उभं राहिलं की जीभ उचलत नाही.

थंडीत दम वाढला आणि तात्यांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, आवाज बारीक झाला होता. उशाशी घडी केलेला साधा पंचा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "त्याला म्या जनावराची खोड वळकायला शिकवली गं. सांगायला शिकवायचं राह्यलं." मी म्हटलं, अजून वेळ आहे, घरी आलात की शिकवा. त्यानंतर चार-सहा दिवसांतच ते गेले.

दहाव्याच्या बोर्डासाठी दत्ता दुकानात आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा बोर्ड फाट्यावर लागतो, भावपूर्ण श्रद्धांजली, फोटो, खाली धर्मनिष्ठ, मनमिळाऊ वगैरे. ती विशेषणं माझ्याकडे तयारच असतात, नाव बदललं की झालं. दत्तानं विचारलं, तात्यांचं नाव त्या अक्षरांत घालता येईल का. मी सांगितलं, त्यांनी मना केलंय. तो लगेच म्हणाला, ठाऊक आहे, मग साध्या अक्षरांत घाला. पुढे म्हणाला, धर्मनिष्ठ वगैरे काही नको, त्या जागी मी सांगतो ती ओळ लिहा. आणि बाकड्यावर बसून, जमिनीकडे बघत, थांबत थांबत त्यानं ती सांगितली.

"तात्याच्या नावावर म्या येक म्हैस खोड न सांगता इकली. ती खोड माजी हाय, तात्याची न्हाई."

माझे हात कीबोर्डवरून उचलले गेले. मी त्याला समजावलं, की बोर्ड फाट्यावर लागणार आहे, शुक्रवारी सगळा बाजार तिथून जाणार, भावकी तुला फाडून खाईल. "घरात सांगायला आता तात्या न्हाईत," तो म्हणाला. "मग चारचौघांतच सांगतो." त्याच्या बोलण्यात जसं होतं तसंच मी ते टाईप केलं. शुद्ध करायला मन झालं नाही.

बोर्ड लागला आणि चुलत्यानं घरी येऊन आकांत केला, मेलेल्या माणसाच्या फोटोखाली असलं काही लिहितात का, आत्ताच्या आत्ता उतरवा. पारूकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कोणाकडून तरी ती ओळ वाचून घेतली होती. "राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. शुक्रवारी जनावरं घेऊन जाणारी माणसं फाट्यावर थबकून वाचत होती. काही हसली. पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्यानं मात्र टोपी काढली आणि दत्ता कुठे बसतो ते विचारून बाजारात गेला.

दत्ता आता बिनछापेची जनावरं विकतो. टेम्पोवरचे पट्टे अजून काळेच आहेत. परवा मी बाजारातून जाताना त्याचा आवाज ऐकला, गिऱ्हाइकाला सांगत होता, की हिला संध्याकाळी लाथ मारायची सवय आहे, ते ऐकून घ्या आणि मग हात लावा. शब्द तात्यांचे होते, आवाज अजून चाचरत होता. मी पुढे झाले नाही, डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

ते नाव माझ्या कॉम्प्युटरात तसंच आहे. दत्तानं ते पुन्हा मागितलेलं नाही, आणि त्यानं मागितलं तर आता द्यावं, असं माझं मन म्हणतं. पण "म्या सांगितल्याबगर कुनाला द्यायचं न्हाई," असं तात्या म्हणाले होते. आणि सांगायला तात्याच नाहीत.