शिंपल्याची कड

राजूबाईला त्या क्रोशाच्या सुईचा राग राग यायला लागला होता. एवढीशी मेली सुई, पण चांगल्या धडधाकट बाईला रडकुंडीला आणते!

अठरा वर्षं झाली, ती कोळारच्या एका गोदामात तूरडाळीच्या पोत्यांची तोंडं शिवत होती. दाभण खुपसायचं, सुतळी ओढायची, गुडघ्यानं पोतं दाबून पुन्हा ओढायची. टाका सैल राहिला की डाळ सांडते आणि मुकादम बसवंतप्पा सगळ्यांदेखत आईबाप काढतो. संध्याकाळी घरी आलं की चहा टाकायचासुद्धा कंटाळा. आणि अशात हिनं डोक्यात घेतलं की नातवाची कुंची आपल्या हातानं करायची.

त्याला कारणही होतं. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. राजूबाईला रजा मिळाली नाही, म्हणून लेकीचं, स्नेहाचं, राजेश्वर गावी सासरीच झालं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण हिला ते आतून खात होतं. रविवारी बारसं. बाळाच्या अंगावर निदान एक वस्तू आजीच्या हातची असावी, एवढाच हट्ट.

गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका कुसुमताई तिला शिंपल्याचा टाका शिकवत होत्या. मऊ कापडाची कुंची शिवून तयार होती, फक्त चेहऱ्याभोवती दोऱ्याची कड विणायची. एका घरात पाच खांब म्हणजे उभे टाके, दोन घरं सोडायची, मुका खांब म्हणजे बुटका टाका घालून शिंपला बसवायचा. बोलायला काय जातंय!

"मोजून पाचच घातले की बाई. मग हे कामून गोळा व्हायलंय?"

"अहो, दोरा केवढा ओढता! सुई तरी शिरते का त्यात? राजूबाई, कुंची आहे ही, पोतं नाही."

खरंच, कुंचीचं तोंड डाळीच्या पोत्यागत आवळलं होतं. बाळाचं नाकही बाहेर आलं नसतं. उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा आवळलं. चार संध्याकाळी हाच खेळ. शेवटी कुसुमताई म्हणाल्या, "द्या इकडे, तासाभरात करून देते. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की," राजूबाई म्हणाली आणि कुंची पिशवीत घालून घरी गेली.

शनिवारी नेमक्या दोन गाड्या भरायच्या होत्या. संध्याकाळी ती कुसुमताईंच्या ओट्यावर टेकली तेव्हा बोटं मिटत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, म्हणत तिनं सुई धरली. दोरा येईल तसा येऊ दिला. कुसुमताई बघतच राहिल्या. शिंपल्यामागून शिंपला उमलून बसत होता.

"आज काय केलंत हो?"

"काय करू बाई. ओढायला हातात जीवच राहिला न्हाई."

बारशाला स्नेहानं कुंची बाळाला बांधली. चेहरा छान मोकळा राहिला. ती कडेवरून बोट फिरवत राहिली.

"आई, माझ्या वेण्या किती आवळायचीस गं. शाळेत दिवसभर डोकं ठणकायचं. तवा असा हात ढिला कामून न्हाई सोडलास?"

ती हसतच म्हणाली होती. राजूबाईला काही हसता येईना.

"कामावर पळायचं असायचं गं. आन् तवा हातात लई जोर हुता."

स्नेहानं बाळ मांडीवर तसंच ठेवलं आणि आईचा हात ओढून घेऊन एकेक बोट चोळत बसली.