आईंनी चांदीला सांगितलं ते

परवा दुपारी साडेचारला, पणदऱ्यात आमच्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसून मी फोनला कथा सांगत होते. हो, फोनलाच! आपण बोललं की तो आपोआप टाईप करतो… आणि हाताने तर तीन आठवड्यांत एक ओळ धड होत नव्हती.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाने पहिल्यांदाच माझ्याकडे कथा मागितली होती. त्या दिवशी सहापर्यंत आली नाही तर पानं दुसऱ्याला देतो, असं संपादकांनी स्पष्ट कळवलं होतं. चार वर्षं इथे पोस्टी पाडतेय, 'पुस्तक कधी?' म्हणून तुम्हीच छळता… आणि नेमकं दार उघडलं तेव्हा माझी दातखीळ बसली.

कथा दोन बहिणींची होती. पण त्या दोघी बोलायला लागल्या की गॅदरिंगमध्ये भाषण केल्यासारख्या बोलायच्या. खोडायचं, लिहायचं, परत खोडायचं. घरात सगळ्यांवर इतकी खेकसत होते की नवऱ्याने चहा मागायचंसुद्धा सोडलं होतं.

तर फोनला कसंबसं काहीतरी सांगितलं, तेवढ्यात पेंडीचा टेम्पो आला. फोन तसाच कट्ट्यावर ठेवून पोती उतरवून घ्यायला पळाले. परत आले तर साडेपाच… वाचत बसायला वेळच नव्हता. कॉपी केलं, पाठवलं, सुटले एकदाची.

सहा वाजून दहा मिनिटांनी संपादकांचा मेसेज. 'कथा जमलेली नाही. पण शेवटचा परिच्छेद कुठून आणलात? तिथून सुरू करा. उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो.'

कसला शेवटचा परिच्छेद? उघडून बघितलं.

'सर की गं चांदे. अक्काचंच बरोबर होतं बघ. मी हक्कसोडीवर सही केली, का तर माहेर तुटू नये. दादाचं ऐकून वर तिलाच लोभी म्हणले. माहेर राहिलं, अक्का तुटली. आता दिवाळीला तिकडनं एक साडी येते, ती नेसू वाटत नाही. पण तिला सांगू कुठल्या तोंडानं.'

चांदी म्हणजे आमची गाय. मी टेम्पोकडे पळाले तेव्हा माईक चालूच राहिला होता, आणि भिंतीपलीकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, धार काढत होत्या.

त्यांचं माहेर शेळगाव. वडिलांच्या जमिनीतला हक्क त्यांनी भावाला सोडून दिला, वडगाव निंबाळकरला दिलेल्या थोरल्या बहिणीने, अक्कामावशीने, नाही सोडला. तेव्हापासून सात वर्षं दोघींत बोलणं नाही. आम्ही सगळे तर मावशीच हट्टी असं धरून चाललो होतो.

नावं बदलली की झालं, असं मन सारखं म्हणत होतं. पण शेळगावच्या मामांची सून दरवर्षी हाच अंक घेते. छापून आलं तर आईंचं माहेर संपलं, नाही आलं तर माझी कथा… आणि माणसांपासून लपवून गाईला सांगितलेलं आपण विकायला निघालोय, याची लाज वाटत होती ती वेगळीच.

सकाळी गोठ्यात गेले आणि एका दमात सांगून टाकलं. वाचूनही दाखवलं. आईंचा हात थांबला.

"दुसऱ्याचं बोलणं असं चोरून घ्यायचं असतंय व्हय गं?"

मला रडूच आलं. "चुकून झालं, आई. तुम्ही नको म्हणा, मी आत्ता 'नाही' म्हणून कळवते. कथा गेली तरी चालेल." खरं सांगू? चालणार नव्हतं.

त्यांनी धारेची बादली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

वाचलं.

"'नेसू वाटत नाही' न्हवं, 'नेसू वाटंना' म्हणलं मी." फोनने त्यांची भाषा परस्पर सुधारली होती! पदराला हात पुसत त्या उठल्या. "छापायचं काय ती मागनं बघू. आदी अक्काला वाचून दाव."

मावशीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. "मावशी, पणदऱ्याहून सून बोलतेय. एक वाचते, मध्ये बोलू नका," एवढंच म्हणाले आणि वाचलं… 'नेसू वाटंना' म्हणूनच वाचलं.

पलीकडून मावशीने विचारलं,

"कुणी लिवलंय ह्ये?"

मी तोंड उघडणार तोच आईंनी माझ्या हातून फोन ओढून घेतला. "लिवलं न्हाय, अक्का. मी बोललीया."

पुढचं मला माहीत नाही. फोन घेऊन त्या घरामागच्या परड्यात गेल्या, अधूनमधून नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं… एकदा चक्क हसणंही. मला तो परत मागायचा धीर झाला नाही. लेकाची जुनी वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसले. तीन आठवडे मुक्या असलेल्या माझ्या दोघी बहिणी एकदम भांडायलाच लागल्या, मला हात आवरेना. बाराला दहा कमी असताना आईंनी फोन आणून दिला, तसे पानांचे फोटो काढून पाठवले.

संपादकांनी कथा घेतली. आईंना पूर्ण वाचून दाखवली, मगच छापायला होकार कळवला.

लिहिता येत नाही म्हणून मी तीन आठवडे रडत होते आणि भिंतीपलीकडे एक बाई सात वर्षं बोलता येत नाही म्हणून गाईपाशी बसत होती. मी कधी तिकडे कानच दिला नाही. आई, तुमचं बोलणं मला दिलंत… कसे आभार मानू?

ही पोस्टसुद्धा आधी त्यांनाच वाचून दाखवलीय. "शेळगावच्या मामांना कळेल हं," म्हटलं तर म्हणाल्या, "कळू दे की. मला कळाय सात वरसं लागली… त्याला बी कळंल."