निकालाआधीचा गुलाल

पोपटरावांना गेले पाच महिने कुणी चेअरमन म्हणत नव्हतं. दहा वर्षं सोसायटीच्या खुर्चीत बसून ज्यांनी चहा मागवला, त्यांना आता चहावालासुद्धा 'पोपटराव, सरका जरा' म्हणायचा. हरणं माणूस एक वेळ गिळतो. पण मतमोजणीच्या पहिल्या फेरीत अकरा मतांची आघाडी दिसताच या गृहस्थांनी गुलाल उधळला होता, जेसीबीच्या बकेटात उभं राहून फोटो काढले होते, आणि दुसऱ्या फेरीत तीन मतांनी आडवे झाले होते. तेव्हापासून खुटबावच्या पंचक्रोशीत कुणाचं पोरगं परीक्षा देऊन आलं तरी लोक विचारायचे, "निकाल लागलाय, का पोपटरावावानी आधीच गुलाल?"

शहाणा माणूस वर्षभर गप ऊस बघत बसला असता. पोपटरावांनी घोडा आणला.

घोडा मात्र देखणा होता, खोटं कशाला बोलू? नुकरा जातीचा, दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा. शिरूरजवळच्या माळावर अश्व प्रदर्शन भरायचं होतं. तिथं पहिला नंबर काढायचा, भोंग्यावरून चार तालुक्यांसमोर 'चेअरमन' म्हणून पुकारून घ्यायचं, मग गाव कसं म्हणत नाही ते बघतो, असा बेत. घोड्याचं नाव त्यांनी 'बिनविरोध' ठेवलं. स्वतःला जे कधी जमलं नाही, ते त्या मुक्या जनावराच्या गळ्यात बांधलं.

घोड्यातलं पोपटरावांना काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी बिनविरोध त्यांच्या तोंडावर शिंकला, तेव्हापासून ते चार हात लांबूनच त्याचं कौतुक करत. सगळं काम म्हस्कूमामांकडं होतं. म्हस्कूमामांच्या बापजाद्यांची मेंढरं, आणि मेंढरांमागं बिऱ्हाड लादलेली घोडी. आता मेंढरं गेली, कालव्याखाली चार एकर बागायत आली, पण घोड्याच्या अंगावरनं हात फिरवला की मामांना त्याच्या पोटातलं कळायचं. रोज पहाटे खरारा, मग रानातल्या वाटेनं दुडकी चाल. पोपटरावांकडं फेटा, फ्लेक्स आणि फोटो ही खाती होती.

अर्ज भरला धाकट्या मुलानं, सत्यजीतनं. रांजणगावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून तो दमून आला होता, तरी मोबाईल घेऊन बसला.

"आप्पा, नावाआधी काय लिहू? माजी चेअरमन?"

"भावी लिही," पोपटराव म्हणाले.

प्रदर्शनाला आठवडा राहिला तेव्हा म्हस्कूमामा म्हणाले, "आप्पा, चाल झ्याक बसलीय. पर त्यानं गर्दी बघितली न्हाई. भोंगा वाजला की बुजंल. यवतच्या बाजारातनं दोनतीनदा फिरवून आणतो."

"बाजारात कशाला न्यायचा? गर्दी मी हितंच बोलावतो की!"

गर्दी म्हणजे मिरवणूक, एवढी एकच व्याख्या पोपटरावांना ठाऊक होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी हलगी आली, डीजे आला, जेवणाच्या आशेनं पन्नासेक माणसं आली, आणि निवडणुकीतला तोच जेसीबी आला. ड्रायव्हरनं बकेट खाली घेऊन विचारलं, "आप्पा, यात काय टाकू?"

झेंडूची फुलं आणली होती, पण बकेटाच्या तळालाच बसली. तेवढ्यात पोपटरावांना गोदाम आठवलं. निवडणुकीतली गुलालाची चार पोती तिथं तशीच पडून होती.

सारजाबाई उंबऱ्यातच होत्या. पंचवीस वर्षं त्या या नवऱ्याचे बेत ऐकत आल्या होत्या. "अवं, निकालाआधी गुलालाला हात लावायचा न्हाई म्हणून देवाम्होरं शपथ घेतलीया न्हवं?"

"शपथ मी घेतली, घोड्यानं न्हाई," पोपटराव म्हणाले.

म्हस्कूमामा "आवं थांबा, थांबा" म्हणत धावले. तोवर चार पोती बिनविरोधच्या अंगावर ओतली गेली होती. घोडा जरासुद्धा बुजला नाही. डोळे मिटून उभा राहिला आणि एकदा शिंकला. हलगीवाले नाचले, पोपटरावांनी लांबून फोटो काढून घेतला. धुरळा खाली बसल्यावर सगळ्यांना घोडा दिसला.

हल्लीचा गुलाल काही पूर्वीचा राहिलेला नाही, लागला की लागलाच. दिवस मावळेपर्यंत म्हस्कूमामांनी त्याला शाम्पू लावला, ताक लावलं, रिठ्याचं पाणी लावलं. पोपटरावांनी धुण्याचा सोडा सुचवला, तेव्हा मामा पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. एवढं करून घोड्याचा रंग जत्रेतल्या गुलाबी बर्फाच्या गोळ्यावर आला.

तरी नेलाच. टेंपो चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला पोचला. माळावर पांढऱ्या घोड्यांची रांग लागली होती, आणि तिच्या मधोमध बिनविरोध. परीक्षक म्हणून लष्करातले निवृत्त डॉक्टर आले होते. त्यांनी दात बघितले, खूर बघितले, चाल बघून मान डोलावली. मग खिशातला रुमाल काढून घोड्याच्या पाठीवरून फिरवला. रुमाल गुलाबी झाला.

"रंग लावलेला घोडा बाद, हा पहिला नियम आहे," डॉक्टर म्हणाले. "कसला डाग लपवलाय?"

"लपवलं न्हाई साहेब!" पोपटराव कळवळले. "उधळलंय!"

"कशाबद्दल?"

"जिंकल्याबद्दल."

"कधी जिंकलात?"

पोपटरावांनी म्हस्कूमामांकडं बघितलं. मामा खाली वाकून घोड्याच्या खुरातला खडा शोधत होते. "आज," पोपटराव म्हणाले.

मग भोंगा वाजला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो भोंगा. निवेदकानं अर्जात होतं तसंच्या तसं वाचलं, "खुटबावचे भावी चेअरमन पोपटराव यांनी आपला बाद झालेला घोडा बिनविरोध मैदानाबाहेर घेऊन जावा!" आधी शिरूरवाले हसले, मग दौंडवाले हसले, आणि खुटबावहून आलेली माणसं सगळ्यांत उशिरापर्यंत हसत राहिली. पोपटरावांना त्या माळावर बीळ सापडतं तर ते आत शिरले असते.

परतताना अंधार पडेस्तोवर चौफुल्यावर थांबू, असं त्यांचं म्हणणं होतं. "जनावर उपाशी हाय," एवढंच म्हणून मामांनी टेंपो पुढं घ्यायला लावला. भर उन्हात गुलाबी घोडा गावातून घरी आला.

दारात सारजाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घोड्याच्या पायावर पाणी घातलं, दिवा ओवाळला, कुंकवाकडं बोट नेलं आणि मागं घेतलं. "लाल आधीच लई झालंय," त्या म्हणाल्या. मग ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या हातात बादली आणि खरारा दिला. "मामा दमल्यात. तुम्ही धुवा."

चार महिन्यांत पोपटरावांनी पहिल्यांदा घोड्याला हात लावला. आधी लांबून, बोटांच्या टोकांनी. बिनविरोधनं मान वळवून त्यांना हुंगलं आणि तो उभा राहिला. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या गुलाबी झाल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेत ते जास्तच जोरानं घासत होते.

रस्त्यावरून कुणीतरी मोटारसायकल थांबवली. "काय चेअरमन, घोडं धुताय व्हय?"

पोपटरावांचा हात थांबला. पाच महिन्यांनी गावातलं कुणीतरी चेअरमन म्हणालं होतं. टवाळी होती, हे त्यांना कळलं. एवढं कळण्याइतकी अक्कल होती त्यांना.

"व्हय की," ते म्हणाले, आणि फेटा सारखा केला.