जलपर्णीत अडकलेली होडी

इंग्लंडमध्ये लेस्टरला आमच्या शेजारी एक गुजराती मासी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म केनियातला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या किसुमूचा. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या, त्या परत गेल्याच नव्हत्या. मागच्या वर्षी मला म्हणाल्या, "मुलगा एकटीला जाऊ देत नाही. तू येशील?" मी आठवड्याची रजा टाकली.

किसुमूत पहिल्या दिवशी आम्ही मासींची जुनी गल्ली शोधली. त्यांचं घर पाडून तिथे दुकानं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंजिनाची होडी केली. नावाड्याने काहीतरी विचारलं आणि मासींच्या तोंडून आपसूक स्वाहिली आली. "कुठून आलात म्हणतोय," त्यांनी मला सांगितलं, "म्हटलं, इथलीच आहे."

पाणी संथ, मातकट. खडकांवर पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसलेले. वाळक्या फांदीवरून मत्स्यगरुड झेपावला आणि पायांत मासा धरून आमच्या डोक्यावरून गेला. पुढे जलपर्णीचा हिरवा थर लागला.

"ही तर आमच्या पुण्यात मुळा नदीवरही असते!" मी म्हणाले. मासी हसल्या.

तेवढ्यात वारा फिरला. त्या थराने होडीला चारी बाजूंनी वेढलं, पंख्यात मुळं गुंतली आणि इंजिन बंद पडलं.

मग जवळच फुरफुर ऐकू आली. आधी दोन कान, मग डोळे, मग पाणघोड्याच्या मादीचं भलंमोठं डोकं. शेजारी पिल्लू. मी उठायला गेले, तशी मासींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बस. हलू नकोस. ती पिल्लाला घेऊन खोल पाण्यात जाईल. माझ्या वडिलांनी, बापूजींनी, शिकवलंय मला."

नावाडी इंजिनाशी खटपट करत होता. त्यालाही त्यांनी स्वाहिलीत दटावलं. तो गुपचूप बसला.

किती वेळ गेला कोण जाणे. पिल्लू आईच्या पाठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होतं. अखेर दोघं बुडाली आणि बरीच लांब वर आली. नावाड्याने मुळं कापली, मग मासींना हळूच काहीतरी विचारलं.

"विचारतोय, इतकी वर्षं कुठे होतात," त्या मला म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

काठावर उतरलो तोच मुलाचा फोन आला. "हो रे, मजेत आहे," मासी म्हणाल्या. "कुठे नाही, काठावर बसून कणीस खातेय."

फोन पर्समध्ये टाकून त्या कणीसवालीकडे वळल्या आणि दोन कणसं भाजायला सांगितली, तिखट जास्त लावून.