वरवंट्याला हात लावू नये

समस्त नातेवाईक, हितचिंतक आणि वाटलेल्या मसाल्याचा वास ज्यांना अजून आठवतो अशा सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या घरचा वरवंटा आता कलाकृती झाला आहे.

ही थोर वार्ता आम्हाला कळली ती नेमकी बारशाच्या सकाळी. पुतण्याला मुलगी झाली होती. संध्याकाळी माणगावला त्याच्या फ्लॅटवर पाळणा सजायचा होता. माझी म्हातारी आत्या मुक्कामालाच होती. तिने चहा पिता पिता विचारलं, "वरवंटा कुठाय?"

आमच्यात बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला अंघोळ घालतात, कुंची बांधतात आणि बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. बाळ त्याच्यासारखं दणकट व्हावं म्हणून. घरातलं प्रत्येक पोर या एकाच वरवंट्यामागून पाळण्यात गेलं. मीसुद्धा. माझ्या पहिल्यावहिल्या प्रवेशाआधी टाळ्या घेऊन गेलेला नट तो!

भाऊ चाचरत म्हणाला, "पाटा-वरवंटा दिला मी. समुद्राकडे ते नवीन संग्रहालय झालंय ना, त्यांना. नव्या ओट्याखाली मावत नव्हता."

आत्याने कप खाली ठेवला. "तो आल्याशिवाय पोर पाळण्यात जाणार नाही."

"अगं, बाजारात नवा मिळेल," मी म्हटलं.

"मग नवी आत्यापण आण बाजारातून. गाडी काढ."

म्हसळ्याच्या बाजारात बर्फाचा ट्रक आडवा आला तेव्हा मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आत्या दर दोन मिनिटांनी "वाजले किती?" विचारत होती आणि मी दर वेळी थोडे कमी करून सांगत होतो.

संग्रहालय एका सुपारीच्या वाडीत होतं. आत पांढऱ्या भिंती, गारेगार हवा. छताला टांगलेल्या रोवळीतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले होते. काचेच्या पेटीत शेवेचा सोऱ्या राजपुत्रासारखा पहुडला होता. एरवी मी तिथे दिवसभर रमलो असतो, त्या दिवशी पाय एका जागी ठरत नव्हते. आत्या मात्र विळीसमोर थांबलीच. "खोवणी बोथट आहे," असा निकाल देऊन ती पुढे सरकली.

शेवटच्या दालनात आमचा वरवंटा. पांढऱ्या चौथऱ्यावर एकटा, उभा, वरून प्रकाशझोत. खाली पाटी: 'हातांनी घडवलेले मौन.'

"मौन कसलं? रोज सकाळी गल्ली उठवायचा," आत्या म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

"आजी, प्लीज! हात लावू नका." पांढरे हातमोजे घातलेली, तिथली व्यवस्था बघणारी मुलगी धावत आली. आम्ही सगळं सांगितलं. मी तर दोन्ही हात पसरून, आवाज चढवून-उतरवून सांगितलं. ती हसली, पण हलली नाही. "संग्रहातली वस्तू बाहेर जात नाही. मॅडमना विचारावं लागेल."

मॅडमचा फोन लागेना. मी खिडकी ते चौथरा, चौथरा ते खिडकी. उन्हं कलायला लागली. आत्याने नऊवारी सावरली आणि ती चौथऱ्यापाशी खाली बसली. "माणगावला कळव रे. पाळणा इकडेच आणा म्हणावं."

मी खरंच फोन काढला. तो पाहून मुलगी अंगणात पळाली, आणि रेंज शोधून परतली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स होती. "उद्या सकाळी परत आणायच्या बोलीवर. पण मी सोबत येणार आणि तो मीच धरणार. ओरखडा उठला तर माझी नोकरी जाईल."

मागच्या सीटवर ती बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेला वरवंटा मांडीवर घेऊन बसली. घाटातल्या प्रत्येक वळणाला तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती आवळत होते. आरशात मला दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बायका खोळंबल्या होत्या, बाळ रडून लाल झालं होतं. वरवंट्याची अंघोळ झाली, आत्याने कुंची बांधली, काजळाची तीट लावली आणि त्याला पाळण्याखालून सरकवलं. मुलगी मागे टाचा उंचावून उभी, हातमोजे अजून हातात. पलीकडून वहिनीने घाईघाईत त्याला एका हाताने उचललं, तशी ती मुलगी सगळ्यांच्या वरताण ओरडली,

"अहो, मान धरा त्याची!"