भाऊजींची भुतावळ

भर दुपारी ह्यांचा फोन कधी म्हणजे कधी येत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला फोन केलाय तो "दूध आणायचंय का" एवढंच विचारायला. त्या दिवशी मी पुण्यात होते. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, तिच्यासाठी मऊ भात लावत होते. फोन उचलला. हे म्हणाले, "मुकुंदा गेला गं. झोपेतच. सकाळी हाक मारायला वर गेलो तर... डॉक्टर येऊन गेले आत्ता." आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "अहो, पण त्यांचा चहा?" बहीण पलंगावरून माझ्याकडे बघतच राहिली. मला काही कळतच नव्हतं. सकाळचा चहा मी बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, नेऊन द्यायचा, भाऊजींनी "वहिनी, साखर विसरलीस" म्हणायचं आणि मी "ढवळा जरा, मग बोला" म्हणायचं, हे रोजचं होतं. ते झाल्याशिवाय आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा नाही. माणूस जातोच कसा चहा न घेता?

मुकुंद माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही चौघं होतो. सासूबाई, हे, मी आणि भाऊजी. भाऊजी फरीदाबादच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. केसाएवढ्या फरकाचं काम, आणि हात असा स्थिर की कारखान्यातले लोक म्हणे नव्या मुलांना "जाके मुकुंदजी के हाथ देखो" म्हणून पाठवायचे. हे मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि पुढे दर आठवड्याला सांगितलं. लग्न काही त्यांनी केलं नाही. मी कमी मुली दाखवल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी "वहिनी, मुलगी छान आहे, तिला माझ्यासारखा का देतेस?" असं म्हणून विषय बंद.

क्वार्टरची मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली होती, ती त्यांची. एकदा तिथे झाडू मारताना दिवाणाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला. उघडला आणि किंचाळले! आत करंगळीएवढाली माणसं. दाढीवाले बुटके, टोकदार टोप्यांचे जादूगार, शिंगवाले राक्षस, एक तर चक्क हाडांचा सापळा, हातात तलवार घेतलेला. बोटाच्या पेरात मावेल एवढ्या चेहऱ्यावर डोळे, भुवया, ओठ, सगळं रंगवलेलं. कंपनीने भाऊजींना ट्रेनिंगसाठी काही महिने इंग्लंडला पाठवलं होतं. तिथल्या घरमालकिणीच्या मुलांचा हा खेळ. टेबलावर नकाशा मांडायचा, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी फासे टाकून राक्षस मारायचे. भाऊजींना त्या बाहुल्या रंगवायचा नाद लागला आणि येताना डबाभर शिशाची माणसं घेऊन आले. मी विचारलं, "मग इथे खेळता कुणाबरोबर?" तर म्हणाले, "कुणाबरोबर नाही. सैन्य तयार असावं." म्हणजे खेळायला दुसरं माणूस नाही आणि भाऊजींची तयारी जय्यत. त्या दिवसापासून मी त्या डब्याचं नाव भुतावळ ठेवलं. रविवारी दुपारी ते रंगवत बसायचे आणि मी बाहेरून ओरडायची, "भुतावळ आवरा, जेवायला वाढलंय!"

पुढे सासूबाई गेल्या, हे रिटायर झाले आणि आम्ही फरीदाबादला घर घेतलं. वरची बरसाती भाऊजींना दिली. पन्नाशी उलटली आणि त्यांचा हात कापायला लागला. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण त्यांनी कळूच दिलं नाही. चहाची बशी वाजते म्हणून बशीच नको म्हणाले. मग कप अर्धाच भर म्हणाले. मग लग्नामुंजींना यायचे बंद झाले. घरी पाहुणे आले की "पोट बरं नाही" म्हणून ताट वर मागवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हा काही मोठा आजार नाही, काही माणसांचा हात कापतो, टेन्शन घेतलं की जास्त कापतो. पण ज्याचा हात कारखान्याने दाखवायला ठेवला होता, त्याला हे कसं पचावं? रंगवणं सुटलं. डबा कपाटावर गेला. मला त्या बाहुल्यांचं सोयरसुतक नव्हतं हो, खरंच सांगते. माझा जीव तुटत होता तो निराळ्या गोष्टीसाठी. इतका हसरा, गोष्टीवेल्हाळ माणूस, आणि घरात चार माणसं जमली की वर जाऊन दार लावून एकटा जेवायचा. त्याला पुन्हा पंक्तीत आणून बसवायचं, एवढीच माझी इच्छा होती. समजावून झालं, रागावून झालं, एकदा तर मीच ताट वर नेणार नाही म्हणून हटून बसले. तर ते उपाशी झोपले. मीच हरले.

मुग्धा, आमची लेक, गुडगावला नोकरी करते. तिच्या ऑफिसातली चार-पाच मुलंमुली दर शनिवारी तिच्या फ्लॅटवर हाच खेळ खेळतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! एका रविवारी घरी आली आणि पर्समधून एक बाहुली काढून काकापुढे ठेवली. "मुकुकाका, बघ ना, मी पेंट केलीय." भाऊजींनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय आहे?" "एल्फ आहे. जंगलातली परी." "ते दिसलं. तिला लावलंय काय?" मुग्धा म्हणाली, "नेलपॉलिश. यार काका, घरात तेच होतं." भाऊजींचा चेहरा असा झाला जसा कुणी पुरणपोळीवर केचप घातला असावा. त्यांना वाईट काम सोसायचंच नाही, कुणाचंही. "ठेव इथे," म्हणाले. "आधी हे खरवडून काढायला लागेल." मुग्धा माझ्याकडे बघून डोळा मिचकावणार होती, मी तिला चिमटा काढला. बोलली असती तर बिनसलं असतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस बरसातीत काय चाललंय ते मी जिन्यावरून ऐकत होते. काही पडायचं, कधी इंग्रजीत शिवी. एकदा उपमा घेऊन गेले तर टेबलावर सगळा पसारा. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर ती एल्फ चिकटवलेली, डब्याच्या झाकणात ओलं फडकं आणि त्यावर बटर पेपर, म्हणजे रंग सुकत नाहीत. आणि भाऊजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. "वहिनी, नाही होत गं. बाकी सगळं जमतं, काठ जमत नाही." झग्याच्या कडेची बारीक रेघ असते ना, तिला ते साडीसारखा काठच म्हणायचे. मी वाकून पाहिलं. हिरव्या झग्याला सोनेरी काठ, पण नागमोडी, थरथरलेला. माझ्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. म्हटलं, "कापरा तर कापरा! त्या भुताचं काय लग्न ठरायचंय? कोण बघायला येणारेय काठ?" आधी रागाने बघितलं माझ्याकडे. मग हसू फुटलं. किती वर्षांनी तसे हसले, अगदी खांदे हलवून. आणि मग मला त्यांनी दाखवलं, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपरं टेबलावर रोवायची, श्वास सोडायचा आणि त्या एका श्वासात रेघ ओढायची. तरी कापायचीच. पण ओढायचे.

मग काय, मुग्धाची सगळी मंडळी आपापल्या बाहुल्या धाडायला लागली. पुढे मुग्धा काकाला शनिवारी गाडीत घालून न्यायला लागली. जायचे, पोरांना रंगवायला शिकवायचे, पण तिथे खायचे नाहीत. "मी खाऊन आलोय," हे ठरलेलं. मुग्धा मला फोनवर सांगायची आणि मी कपाळाला हात लावायची.

त्या भाद्रपदात आमच्या गौरींचे मुखवटे काढले तर धाकटीच्या एका डोळ्याचा रंग उडालेला. शाडूचे मुखवटे, सासूबाईंनी साताऱ्याहून मांडीवर ठेवून आणलेले. इथे कुणाच्या हाती द्यायचे? मी भाऊजींपुढे नेऊन ठेवला. ते दोन पावलं मागेच सरकले. "वहिनी, वेडी का तू? ही काय राक्षस आहे? आईचा मुखवटा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच. परक्याचा हात नको लागायला." मुखवटा उजेडाकडे वळवून पाहिला. मग ब्रश उचलला आणि टोक यावं म्हणून सवयीने ओठांत धरून ओढला. मी ओरडले, "अहो, उष्टा ब्रश! गौरीला?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "गौर अजून घरात आलीच नाहीये. हा नुसता मुखवटा आहे. माहेरवाशीण यायच्या आदल्या दिवशी तिच्या पावडर-काजळाची तयारी कशी केली, हे तिला कोण सांगणार? तू?" ते खाली गेल्यावर मी गुपचूप हरिद्वारचं गंगाजल शिंपडलं, एवढं मात्र केलं.

हळदीकुंकवाला सेक्टरमधल्या सगळ्या मराठी बायका आल्या होत्या, त्यांचे नवरे जेवायला. शेजारच्या काकू मुखवट्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा धाकटीचा डोळा जरा हललाय का हो?" मी दाराकडे पाहिलं, भाऊजी त्याच वेळी आपलं ताट वर न्यायला म्हणून तिथे उभे होते. आता हे वर जाणार आणि पुन्हा खाली उतरणार नाहीत, असंच मला वाटलं. भाऊजी म्हणाले, "मी काढलाय तो. हात कापतो माझा." अख्ख्या खोलीत, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा. काकू बिचाऱ्या ओशाळल्या, "छे छे, उलट हसरी दिसतेय." "हो ना," भाऊजी म्हणाले आणि ताट घेऊन सरळ पंक्तीत जाऊन बसले. ह्यांच्या शेजारी. आमटीची वाटी तोंडाकडे नेताना निम्मी शर्टावर सांडली. त्यांनी रुमालाने पुसलं आणि मला हाक मारली, "वहिनी, आमटी वाढ. ही शर्टाने खाल्ली." मी वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, मिरचीची फोडणी.

त्यानंतर भाऊजी सगळीकडे जेवले. लग्नात, पूजेत, मुग्धाच्या फ्लॅटवर तर त्या पोरांबरोबर पिझ्झासुद्धा. आम्हाला त्यांची अशी दोन-तीन वर्षं मिळाली. अजून मिळायला हवी होती. देवाला काय घाई होती, मला कळत नाही... असो.

तेरावं झालं, काही दिवस गेले आणि एका रविवारी मुग्धाची सगळी मंडळी फरीदाबादला आली. बरोबर मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सगळ्यांच्या बाहुल्या. म्हणाले, "आंटी, इसमें से अंकलवाले आप रख लो." पण वेगळे करायला बसले तर त्यांच्यातच जुंपली. हा अंकलचा, नाही तो माझा, नाही मी फक्त बूट रंगवले होते. मी म्हटलं, "हटो सब. मैं बताती हूँ." इतकी वर्षं भुतावळ म्हणून नावं ठेवली, एकाचं नाव मला येत नाही. पण चष्मा पुसून मी एकेक उचलायला लागले आणि नुसता काठ बघत गेले. हा भाऊजींचा. हा नाही. हा भाऊजींचा. पोरं तोंडात बोटं घालून बघत होती. मग एक जादूगारीण हाती आली, निळा झगा आणि त्याला लाल काठ, अगदी तोच, थरथरत गेलेला. मी ती भाऊजींच्या ढिगात ठेवली.

त्यांच्यातली हरलीन म्हणून एक मुलगी आहे, ती हळूच म्हणाली, "आंटी, ये मेरी है. पिछले हफ़्ते की."

मी पुन्हा पाहिली. शक्यच नाही. मी तिचा हात धरून पुढे ओढला. "बेटा, तेरा भी हाथ काँपता है क्या?"

तिने हात पसरून दाखवला. जराही हलत नव्हता. "नहीं आंटी," ती म्हणाली. "मैंने अंकल से ही सीखा ना. मुझे काठ ऐसे ही आता है. सीधा बनाती हूँ तो मिटा देती हूँ, अच्छा ही नहीं लगता."

ती पंजाबी मुलगी काठ म्हणाली, अगदी भाऊजी म्हणायचे तसा. मी तिचा हात सोडलाच नाही. ज्या रेघेपायी माझा दीर वर्षानुवर्षं दार लावून एकटा जेवला, ती रेघ ही पोर मुद्दाम, मन लावून काढत होती! मी रडले, पुण्याहून आल्यावर रडले नव्हते तेवढी रडले, आणि मधेच हसायलाही येत होतं. मुग्धा पाणी घेऊन आली. मग मी भाऊजींच्या सगळ्या बाहुल्या उचलून परत पोरांच्याच डब्यात भरल्या आणि म्हटलं, घेऊन जा, शनिवारी खेळायला लागतील. हरलीनची तेवढी मागून घेतली.

ती आता माझ्या ओट्यावरच्या खिडकीत उभी आहे. सकाळी चहा टाकताना समोर असते. येणारी-जाणारी विचारतात, हे काय हो नवीन? मी सांगते, आमच्या भाऊजींचं काम.