डावखुरी चावी

अंधेरी स्टेशनजवळच्या बाजारात, आमच्या इमारतीसमोर रस्त्यात लोखंडी झाकणाखाली पाण्याची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, होती. रोज सकाळी ती सोडायला येणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या माणसाला सगळे चावीवाले काका म्हणत. खाकी हाफपँट, खांद्यावर लांब लोखंडी दांडा. ते फक्त चावीशीच बोलायचे, "चल गो, उशीर झालो." मी लाजरी; मला उत्तर द्यावं लागत नसे, म्हणून मी गॅलरीत निर्धास्त उभी राहायची.

त्या वर्षी रस्त्याखाली नवी मोठी पाइपलाइन टाकली आणि चार दिवस आमचे नळ कोरडे राहिले. पाचव्या दिवशी ठेकेदाराची दोन माणसं चावी उघडायला आली. ती हलेना, तेव्हा दोघं दांड्याला लोंबकळू लागली. चावी तुटली असती, तर रस्ता पुन्हा खणावा लागला असता.

तेवढ्यात काका धावत आले. "मोडशात रे! जुनी चावी ती, डावखुरी. उलटी फिरता. तुम्ही बंद करतास तिका!"

"मग लिहून ठेवायचं ना, काका!" त्यांच्यातला एक वैतागून म्हणाला.

काकांनी एकट्यानेच ती सावकाश उलटी फिरवली. मग त्या माणसांच्या रंगाच्या डब्यातला ब्रश उचलून वर माझ्याकडे पाहिलं.

"गो बाय, तुका इंग्लिश येता ना? खाली ये. ह्या साहेबांका समजात असा लिही."

मी भर बाजारात गुडघे टेकून लोखंडी झाकणावर 'रिव्हर्स' लिहिलं. शेवटचं अक्षर ओलं असतानाच वरून आई ओरडली, "आलं गं, पाणी आलं!"

"आधी तांबडा पाणी येतला, वैनी," काका म्हणाले. "ता सोडून द्या. मगे भरा."